आमच्या ठमीची वेणीफणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या सभासद भगिनीने आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी त्यांना म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या ठमीबद्दल बोला. जिन्यात भेटलात की सगळ्या तेच तर विचारतात." तेव्हा मी आज आमच्या कुत्रीची वेणीफणी या विषयावर बोलणार आहे. विषय ऐकून काही जणींना हसू आले असेल. हसायला हरकत नाही. पण ऐकून घ्या, कारण त्यात आपल्या कामाचेही थोडे आहे.

ठमी ही शित्झू नावाच्या जातीची. अंगाने बुटकी, नाक चपटे, डोळे बटबटीत आणि सर्वांगावर लांब केस. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांचे केस ठरावीक लांबीचे झाले की थांबतात. या जातीचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. म्हणून त्यांना कंगवा हवा, कात्री हवी, न्हाणे हवे. ते मिळाले नाही तर केसांच्या जटा होतात. जटेखाली वारा लागत नाही, कातडी ओली राहते, चिघळते. आणि आपल्याकडच्या पावसात त्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. म्हणजे ही वेणीफणी नटण्यामुरडण्यासाठी नाही. ती औषधपाण्याइतकीच गरजेची आहे.

ही कुत्री आम्ही विकत घेतलेली नाही. कल्याणच्या पलीकडे एका बंद गाळ्यात अशा कुत्र्या ठेवून पिल्ले विकण्याचा धंदा चालला होता. माझी भाची जनावरांसाठी काम करणाऱ्या मुलामुलींबरोबर जाते. त्यांनी पोलिसांना बरोबर घेऊन तिथली जनावरे सोडवली. त्यांतली एक आमच्याकडे "आठ दिवसांपुरती" आली, ती राहिलीच.

हा धंदा कसा चालतो ते मला तेव्हा कळले. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी विते. धंदेवाले एकही खेप फुकट जाऊ देत नाहीत. वीत झाले की पिल्ले काढून घ्यायची, पुन्हा नर दाखवायचा. आई राहते तारेच्या पिंजऱ्यात, तारेच्याच तळावर. तिला ऊन नाही, माती नाही, नाव नाही. पिल्लाच्या गळ्यात रेशमी फीत बांधून त्याचा फोटो मोबाइलवर फिरवतात. आईचा फोटो मात्र कोणी दाखवत नाही.

ठमी आली तेव्हा पाच-सहा वर्षांची असावी. तिच्या पाठीवरचे केस दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यासारखे झाले होते. कानामागे गोळे लोंबत होते. नखे इतकी वाढलेली की दोन नखे वळून तळव्यात रुतायला आली होती. आचळे ओघळलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले, भूल दिली आणि सगळ्या जटा मशिनने काढून टाकल्या. एवढीशी कुत्री, पण केसांची पिशवी भरली. मग त्या मला म्हणाल्या, "वहिनी, हे आज केले, पण नेहमी नेहमी करता येणार नाही. चपट्या नाकाच्या जनावराला भूल देणे जोखमीचे असते. दीड-दोन महिन्यांत केस पुन्हा वाढतील. तोवर तिला कंगव्याची ओळख करून द्या. नाहीतर पुन्हा जटा आणि पुन्हा भूल."

आता तुम्ही म्हणाल, त्यात अवघड ते काय? कुत्री तर गरीब होती. चावत नव्हती, गुरगुरत नव्हती. उचलून ठेवले तिथे उभी राहायची. बघायला येणारे सगळे म्हणत, "किती गुणी हो! हूं नाही की चूं नाही. हिचे केस काय, कोणीही विंचरील."

डॉक्टरीणबाईंनी मात्र मला तिच्याजवळ खाली बसवले आणि म्हणाल्या, "नीट बघा. तोंड घट्ट मिटलेले आहे. शेपूट पोटाशी. डोळ्यांच्या कडेने पांढरे दिसते आहे. श्वास बघा. समोर खाऊ ठेवला आहे, पण हुंगतसुद्धा नाही. ही शांत नाही वहिनी, ही थिजलेली आहे. पिंजऱ्यात हिला पळायला जागा नव्हती आणि ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा ही दगड व्हायला शिकली. आत्ता तुम्ही हिला विंचरलेत तर ती विंचरून घेईल. पण आतून प्रत्येक वेळी जास्त भिईल."

त्यांनी मला एक माहितीही दिली. अमेरिकेत अशा पिल्लांच्या कारखान्यांतून सुटून घरी आलेल्या १,१६९ कुत्र्यांचा अभ्यास झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. साध्या पाळीव कुत्र्यांशी तुलना करता ही कुत्री माणसांना आणि नव्या गोष्टींना फार भिणारी, एकटक शून्यात बघत राहणारी आढळली. मात्र परक्या माणसाच्या अंगावर जाण्याचे प्रमाण त्यांच्यात उलट कमी होते. म्हणजे आमची ठमी काही जगावेगळी नव्हती. गप्प राहून सोसणाऱ्यांची ती एक मोठी जातच आहे.

मैत्रिणींनो, हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांसमोर कुत्र्या आल्या नाहीत, बायका आल्या. नव्याने सासरी आलेली मुलगी काहीच बोलत नाही, सांगाल ते करते, वाढाल ते खाते, आणि चार घरे तिचे कौतुक करतात, "सून कशी अगदी गरीब गाय!" तिला इथे बरे वाटते का, हे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. बोलत नाही त्या अर्थी बरेच असणार, असे आपण धरून चालतो. आपल्यातल्या कितीजणींनी अशी वर्षे काढली आहेत ते आपले आपल्याला ठाऊक. या विषयावर मी अधिक बोलत नाही. एवढेच सांगते, की त्या दिवशी मी ठरवले, या घरात गप्प राहण्याला होकार धरायचा नाही. कुत्रीच्या बाबतीतसुद्धा.

मग आम्ही काय केले ते क्रमाने सांगते.

पहिले पंधरा दिवस कंगवा बाहेर काढलाच नाही. मी रोज दुपारी तिच्यापासून दोन हात दूर, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची. मेथी निवडायची, तांदूळ निवडायची. अधूनमधून उकडलेल्या लाल भोपळ्याचा नाहीतर अंड्याचा एक तुकडा मागे टाकायचा, तोही न बघता. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यांच्या मनातला भाव थोर खराच. पण आमच्या ठमीच्या मागे असे कोणी धावले असते तर ती कपाटाखालून चार दिवस निघाली नसती. तिच्यासाठी तुपाची वाटी ठेवून आपण दूर सरायला हवे होते.

या कामात आमच्या सासूबाईंनी पहिला नंबर मिळवला. घरात कुत्री नको असे त्यांचे आधी म्हणणे होते. त्या रोज चार वाजता ठरलेल्या खुर्चीत माळ घेऊन बसतात. कोणाकडे बघत नाहीत, हात पुढे करत नाहीत, हाका मारत नाहीत. एक दिवस बघते तो ठमी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन पडलेली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई माझ्यापेक्षा चांगले औषध देतात. एकच जागा, एकच वेळ आणि काही मागणे नाही."

त्यानंतर हात लावणे. डोक्यावरून हात आणायचा नाही, कारण वरून येणारा हात तिला धरणाराच वाटतो. पालथा हात खालून न्यायचा, छातीला टेकवायचा, मनात एक-दोन-तीन म्हणायचे आणि काढून घ्यायचा. मग थांबायचे. ती जवळ सरकली तर पुन्हा. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, तर त्या दिवसापुरते पुरे. कुत्र्याची जांभई नेहमी झोपेची नसते. पुष्कळदा ती "मला नको आहे" असे सांगते. प्रत्येक स्पर्शानंतर खाऊ. आधी खाऊ दाखवून मग हात लावायचा नाही, नाहीतर ती खाऊलाही भिऊ लागते.

मग कंगवा. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा आणला आणि चार दिवस नुसता तिच्या ताटलीशेजारी ठेवला. तिने तो हुंगला की खाऊ. पुढे कंगव्याची पाठ अंगाला टेकवली. मग दातांनी एकदाच फिरवला. एकदाच हं! त्या दिवशीची वेणीफणी झाली. आमचे हे म्हणाले, "या हिशोबाने पुढच्या आषाढीपर्यंत एक बाजू होईल." पण रोज एकाचे दोन, दोनाचे चार असे होत गेले.

याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती शिकवली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. मांडीवर घडी केलेला पंचा ठेवायचा. ठमीने त्यावर हनुवटी टेकली की खाऊ द्यायचा. ती सवय झाली की नियम असा: हनुवटी टेकलेली असेल तोवरच कंगवा फिरेल. तिने मान उचलली की माझा हात तिथल्या तिथे थांबेल, मग एकच जट राहिली असली तरी. सुरुवातीला ती दर दोन फटकाऱ्यांना मान उचलायची, जणू हिचा शब्द खरा आहे का ते तपासून बघायची. प्रत्येक वेळी मी थांबले. दहा-बारा दिवसांनी ती मान उचलायची आणि आपण होऊन पुन्हा टेकायची. थांबवता येते हे कळले तेव्हा तिला ते सोसू लागले.

गुंता सोडवण्याची रीत आपण मुलींच्या केसांवर शिकलोच आहोत. मुळाशी चिमटीत केस धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून वर वर यायचे. गाठ असेल तिथे कात्री घालू नये. गाठीबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते. ती कापली जाते. मोठी गाठ जाणत्या माणसाकडून मशिननेच काढावी. आणि न्हाऊ घालण्यापूर्वी गुंता काढलेला हवा. ओली गाठ वाळली की अधिकच आवळते.

नखांचे काम सर्वांत हळू झाले. काळ्या नखात रक्तवाहिनी कुठवर आहे ते दिसत नाही. म्हणून आम्ही कापण्याऐवजी कानशीने घासतो. एका दिवशी एकच नख. कधी थोडे रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरावी. न्हाणे महिन्यातून एकदा. मोरीत रबराची चटई घालतो, कारण पाय घसरला की ती घाबरते. स्टीलच्या बादलीत नळ सोडला तर आवाजाने थरथरायची, म्हणून पाणी आधीच प्लॅस्टिकच्या टबात काढून ठेवतो. पाणी कोमट, साबण कुत्र्यांचाच. आपला शांपू त्यांच्या कातडीला मानवत नाही. डोक्यावर तांब्या ओतायचा नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचे. केस वाळवायचे गरम वाऱ्याचे यंत्र आम्ही लावत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग नीट गार करता येत नाही. पंचाने टिपायचे आणि पंख्याखाली बसू द्यायचे. पावसाळ्यात कान रोज उघडून बघायचे, बाहेरून कोरडे करायचे. आत काडी-कापूस घालायचा नाही. आणि खाऊ म्हणून द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण कधी देऊ नये. ही कुत्र्यांना विषासारखी आहेत.

मध्ये मागेही आलो. आमच्या इमारतीच्या खाली दुकान आहे. त्याचे शटर वर गेले की ठमी आजही पलंगाखाली जाते. तिच्या त्या गाळ्यालाही शटरच होते. म्हणून आमची वेणीफणी दुपारी, दुकान बंद असते त्या वेळात चालते. दिवाळीत फटाके सुरू झाले आणि पंधरा दिवस कंगव्याला हात लावता आला नाही. पुन्हा भोपळ्याच्या तुकड्यापासून आरंभ केला. पण गेलेले सगळे जात नाही. दोन महिन्यांचे काम दुसऱ्या खेपेला आठवड्यात झाले.

ज्येष्ठात आलेली ठमी मार्गशीर्षात सर्वांग विंचरून घेऊ लागली. सर्वांग म्हणजे मागचे पाय सोडून. मागच्या पायांना ती आजही दोन-चार फटकाऱ्यांपलीकडे हात लावू देत नाही. तिथले केस आम्ही आखूडच ठेवतो आणि तिचे म्हणणे मानतो. पुन्हा भूल द्यावी लागली नाही. आणि एक गोष्ट झाली, तीही सांगते. एक दिवस तिच्या कानाजवळ कंगवा अडकला आणि ती माझ्यावर गुरगुरली. आल्यापासून तिने तोंडातून काढलेला तो पहिला आवाज. मुलगा म्हणाला, "आई, बिघडली ही." मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अभिनंदन वहिनी. आता ती तुम्हाला सांगू लागली. तिला रागावू नका. गुरगुरणे बंद पाडले तर पुढे न सांगता चावा येतो." त्या दिवशी आमच्याकडे शिरा केला.

आता शेवटचे दोन शब्द कामाचे. कुत्र्याचे पिल्लू घरी आणावे असे मुले हट्टाने म्हणतात. आणायला माझी ना नाही. पण आणण्यापूर्वी त्याची आई बघायला मागा. आई दाखवत नसतील तर पाय मागे घ्या. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल नियम केले आहेत. त्यांप्रमाणे असा धंदा करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीपासून वीण घेता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. भाजीच्या जुडीला आपण चार वेळा उलटसुलट करतो. इथे तर जीव आहे.

हे नियम ज्या कायद्याखाली झाले तो १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याचे मूळ एका स्त्रीच्या खटपटीत आहे. नृत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेत गेल्या आणि त्यांनी मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. सरकारने पुढे स्वतःचा कायदा केला आणि १९६२ साली देशाचे प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या. परळचा जनावरांचा जुना दवाखानाही बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचा आहे. जनावरांसाठी काम करणारी संस्था ठाण्यातही आहे. कुठे बंद गाळ्यातून रात्रंदिवस कुत्र्यांचा आवाज आणि घाण वास येत असेल, तर "आपल्याला काय करायचे" म्हणून पुढे जाऊ नका. पोलिसांना कळवा, अशा संस्थेला कळवा. एवढे आपल्यापैकी कोणालाही जमेल; त्याला सातवीपेक्षा जास्त शिकावे लागत नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही सर्वजणी इतका वेळ गप्प बसून ऐकत आहात. परंतु गप्प बसण्यावर माझा आता विश्वास उरलेला नाही, हे तुम्हाला कळलेच असेल. तेव्हा ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी चहाच्या वेळी मला तसे खुशाल सांगावे, आणि ज्यांना ठमीला भेटायचे असेल त्यांनी दुपारी दुकान बंद झाल्यावर यावे. मात्र आल्यावर तिला हाक मारू नये. नुसते बसावे. यायचे असेल तर ती येईल.